ताताचं सागवानी कपाट: किती खरवडायचं, किती ठेवायचं?

पूर्वभागकर

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. जुनं लाकडी सामान घरच्या घरी सुधारण्याबद्दल लिहायचं आहे, अडलेलं विचारायचंही आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. ताता, म्हणजे माझे आजोबा, पुढच्या खोलीत खड्डामागावर लुगडी विणायचे. ते गेले, माग सोडवला, खड्डा मुरमाने भरून वर शहाबादी फरशी बसवली. पावसाळी हवेत त्या जागच्या चार फरश्या अजूनही बाकीच्यांच्या आधी ओलसर होतात. मागाचं लाकूड कुठे कुठे गेलं, राहिलं ते सूत ठेवायचं कपाट. पाच फूट उंच, दोन दारं, आत चार फळ्या, अंगावर हिरवागार ऑइल पेंट. एक दार बिजागरीतून निसटून लोंबत होतं आणि कपाटाखाली रोज चिमूटभर पिवळा भुसा पडायचा. दिवाळीआधी घराचं काम काढलं तेव्हा वडील म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाक. सुतासाठी होतं ते. आता सूत कुठंय?"

मी नाही म्हटलं, त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी अव्वाचा, म्हणजे आजीचा, झोपाळा एका दुकानात पॉलिशला दिला होता. पितळी कड्या, चांगली जाड सागवानी फळी. आठ दिवसांनी परत आला तो ओळखू येईना. मशीन फिरवून फळी पार गुळगुळीत केलेली, वर काचेसारखी चकाकी. फळीच्या उजव्या टोकाला अव्वा सुपारी कातरत बसायची, तिथे अडकित्त्याच्या टोकाचे बारीक बारीक घाव होते. ते सगळे गेले. कारागिराने त्याच्या परीने चांगलंच काम केलं होतं, त्याला काय बोलणार? अव्वाने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झाला." झोपाळ्यावर ती अजून बसते. अडकित्ता घेऊन मात्र पाटावर बसते.

म्हणून कपाटाच्या वेळी ठरवलं, मशीन लावायचं नाही आणि कुणाच्या हवाली करायचं नाही.

पहिले आठ दिवस नुसतं पाहिलं. मागच्या एका कोपऱ्यात पटाशीच्या कडेने जरासा रंग उचलला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तांबूस पॉलिश, त्याखाली लाकूड. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, निळा आत्याच्या लग्नात लावला, हिरवा त्यांच्या. घरात कार्य निघालं की भिंतींबरोबर कपाटालाही हात मारायचे.

मग दारं उतरवली. स्क्रूंच्या खाचांत रंग घट्ट बसलेला. दाभणाने कोरून काढला तेव्हा पेचकस धरला. बिजागऱ्या पितळी निघाल्या, रंगाखाली आम्हाला कधी कळलंच नव्हतं. त्या सुट्या करूनच चिंचेने घासल्या. लाकडावर असताना चिंच लावू नका, आंबट पाणी लाकडात उतरतं आणि बिजागरीभोवती डाग धरतो.

डाव्या अंगाचा एक सांधा खिळखिळा होता. मी त्यात फेव्हिकॉल भरून शिकंजा आवळायला निघाले होते. ओळखीच्या सुतारमामांनी हात धरला. "ताई, ह्यो सरसाचा सांधा हाय. जुन्या सरसावर पांढरा गोंद धरत न्हाई." सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात आणि तो गरम पाण्याने परत मऊ होतो. मामांनी कढत पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर धरलं, पुन्हा पिळलं, पुन्हा धरलं. पाऊण तास. मग लाकडी हातोडीने एकच टिचकी मारली आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, आवाज न करता बाहेर आलं. त्यावर सुताराने पटाशीने केलेल्या खुणा होत्या, दोन रेघा, आणि खाचेच्या तोंडाशीही तशाच दोन. कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं ते सुताराला कळावं म्हणून. तो जुना चिकट थर पुसून, वाळवून, मग नवीन गोंद घातला. आता कपाट हलवलं तरी हूं की चूं करत नाही.

आता मुख्य गोष्ट. उजव्या दाराच्या आतल्या बाजूला रंग कधीच लावलेला नव्हता, नुसता धुळीचा आणि तेलकट हातांचा थर. कोमट पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसत गेले तर खालून पेन्सिलीचं लिखाण वर आलं. तेलुगू अक्षरांच्या पाच-सहा ओळी, बाजूला आकडे, आणि खाली उभ्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. असे गठ्ठेच्या गठ्ठे. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. वडिलांनी अजून पाहिलेलं नाही, ते गावाला गेलेत.

दुसरी खूण त्याच दाराच्या कडेला. मूठ कधीच तुटलेली, त्यामुळे ताता कडेत बोट घालून दार ओढायचे. तिथे रंगाचे दोन्ही थर झिजून लाकडाला खळगा पडलाय, आतून चिंचोक्यासारखा तुळतुळीत. तो माझ्या हनुवटीच्या उंचीवर येतो. ताता उंच होते हे फोटोतून कधी जाणवलं नव्हतं.

आणि खालच्या फळीमागे दोन धोटे सापडले, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारे. एकाच्या टोकाचं लोखंड गंजलेलं, दुसरा धड.

माझे प्रश्न:
बाहेरून हिरवा-निळा रंग पूर्ण काढू का? पेन्सिलीच्या लिखाणावर काही लावावं का? भुशाचं काय करू? आणि माग होता त्या खोलीत, कपाटाशेजारच्या भिंतीवर हाताने विणलेलं काही लावायचं आहे. कुणी घरात असं काही लावलंय का?

जुळेसोलापूर

वाचनखूण साठवली. कुसवावरच्या दोन रेघा वाचून आमच्या माळ्यावरचा पलंग आठवला. सुट्टीत उतरवतो.

चपडीवाला

पूर्वभागकरताई, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं पॉलिशचं काम केलं, मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली होतो. जमेल तेवढं सांगतो.

आधी भुसा. मैद्यासारखा बारीक आणि बारीक गोल भोकं असतील तर तो भुंगा. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. भुंगा सागवानाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. जुन्या सुतारांनी कुठे कुठे गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड वापरलेलं असतं, ते तो खातो. खालची फळी उलटी करून बघा, भोकं एका फिक्या पट्ट्यातच असतील. उपाय: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, कॅरमवर टाकतो तीच. उघड्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात, आणि भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने. रंगावरून लावलं तर आत जात नाही. हातमोजे घाला, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. वाळल्यावर खाली काळा कागद अंथरा. वर्षभर बघत राहायचं, नवीन भुसा पडला तर पुन्हा.

मूळचं तांबूस पॉलिश कसलं आहे ते आधी ओळखा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन आडबाजूला अर्धा मिनिट धरा. चिकट झालं, रंग उतरला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काहीच झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा अलीकडचं काही. लाखेचं निघालं तर ते खरवडूच नका. लाखेचा नवा हात जुन्या हातात मुरतो, दोन्ही एकजीव होतात. त्याची खरी गंमत तीच आहे.

पॉलिश घरी बनवता येतं. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात काळं पडतं. सकाळी मलमलीतून गाळा. लागेल तेवढंच करा, वर्षभर ठेवलेलं पॉलिश नीट वाळत नाही. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून गोळा करायचा, पॉलिश आतल्या कापसाला पाजायचं, वरून नाही. गोळा अडखळायला लागला की जवसाच्या तेलाचा एक थेंब. आणि लाकडावर गोळा कधी थांबवायचा नाही, येता जाता हात चालता ठेवायचा. वडील म्हणायचे, गोळा विमानासारखा उतरला पाहिजे आणि विमानासारखा उडाला पाहिजे.

स्पिरिट पेट घेतं, जवळ देवापुढचा दिवासुद्धा नको. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

आपल्याकडे हंगामही बघावा लागतो. मे महिन्यात स्पिरिट लावता लावता उडून जातं, गोळा ओढला जातो. पावसाळ्यात दमट हवेने पॉलिश पांढुरकं पडतं. कार्तिक ते माघ सगळ्यात बरं.

पूर्वभागकर

चपडीवालादादा, किती उपकार मानू! कागदावर उतरवून भिंतीला लावलंय. फळी उलटी केली, अगदी तुम्ही म्हणता तसंच. बाजूचा दोन बोटांचा फिका पट्टा चाळणी झालाय, गाभ्याला एक भोक नाही. आणि स्पिरिटने बोळा चिकट झाला. लाखच आहे.

दोन पिलांची आई

लेख मनाला भिडला, पण एक काळजी वाटते म्हणून लिहिते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरली ती २०१६ च्या नियमाने, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर धूळ घरभर बसते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. हीट गनने जास्त तापवला तर वाफेतून जातं. माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी हे समजावलं तोवर आम्ही गॅलरीचा कठडा दोनदा कोरडा घासला होता.

पूर्वभागकर

ताई, बरं झालं लिहिलंत. मी पटाशीने पापुद्रे उचलले आणि पाणी मारून घासलं, पण ते नशिबाने, धूळ नको म्हणून. शिशाचा विचार केला नव्हता. आता काम गच्चीवर हलवलंय. खाली प्लास्टिक, नाकाला साध्या फडक्याऐवजी चांगला मास्क, आणि पापुद्रे पिशवीत बांधून. भाचरं येतात त्या दिवशी काम बंद.

नवीपेठ

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या घरी माणसं सहा आणि खोल्या दोन. प्रत्येक जुन्या खुणेला जपायचं म्हटलं तर घराचं संग्रहालय होईल. आईचं जेवणाचं टेबल मी पूर्ण घासून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पॉलिश करून घेतलं. चहाचा कप ठेवा, आमटी सांडा, पुसलं की झालं. लाखेवर चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. रोज वापरायची वस्तू टिकली पाहिजे, हाही त्या वस्तूचा मानच आहे.

चपडीवाला

नवीपेठ, टेबलाबद्दल तुमचं बरोबर आहे. लाख पाण्याला आणि उष्णतेला कच्ची, जेवणाच्या टेबलाला मीही सुचवत नाही. पण पीयूला ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, सगळं उतरवावं लागतं. लाखेवरचं पांढरं कडं स्पिरिटच्या पुसट हाताने जातं. कपाटाला, देव्हाऱ्याला, झोपाळ्याच्या कड्यांजवळच्या लाकडाला लाखच.

पूर्वभागकर

नवीपेठदादा, राग कसला. तुम्ही टेबल वापरताय, आईंचं टेबल अजून रोज जेवण वाढायला आहे, ते मला फार आवडलं. माझं म्हणणं एवढंच की घासण्याआधी एकदा घरातल्या माणसांना विचारावं, ही खूण कशाची आहे. अव्वाला आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "तेवढं टोक सोडा." दुकानदारालाही ते सांगता आलं असतं. घासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

तुमचं वाचून एक ठरवलं. बाहेरचा रंग काढणार, कारण तो सुटायला लागलाय आणि शिशाचीही भीती. पण डाव्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, पोस्टकार्डाएवढा हिरवा आणि त्याखाली तेवढाच निळा तुकडा ठेवणार. आत्याचं लग्न आणि वडिलांचं. तेवढ्यावर लाखेचे दोन हात देऊन तो बंद करणार.

सांगोलेकर

भिंतीचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे बैठकीत काळी घोंगडी आहे, दिवाणावर. सांगोला-मंगळवेढा भागात अजून विणणारे आहेत. दख्खनी मेंढीची लोकर. वर्षातून दोनदा कातरतात, सूत चरख्यावर घरच्या बायका कातायच्या. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे. नवी घोंगडी म्हणूनच कडक आणि टोचरी लागते, वापरून वापरून मऊ पडते. रंगवलेली नसेल तर काळा, तपकिरी हे मेंढीचेच रंग. आमची आजी काठाला लाल दोऱ्याने मुरड घालायची, प्रत्येक घरची मुरड वेगळी.

वॉशिंग मशीनमध्ये कधी घालू नका, आक्रसून पाटीसारखी होते. वर्षातून एकदा-दोनदा कडक उन्हात टाका, झटका, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा.

पुण्यातला सोलापूरकर

सोलापुरात हाताने विणलेली वॉल हँगिंग्ज मिळतात असं ऐकलंय, देवादिकांची, माणसांच्या चेहऱ्यांची. दुकानात सगळंच 'हँडमेड' म्हणून विकतात. ओळखायचं कसं?

पूर्वभागकर

हे विचारलंत ते बरं, कारण गेल्या आठवड्यात मी हेच बघायला गेले होते. अशोक चौकाच्या पलीकडे वडिलांच्या ओळखीचे एक विणकर आहेत, सत्तरी उलटलेले. त्यांच्या मागावर बैलजोडीचं चित्र अर्धं झालं होतं. ताण्याच्या खाली कागदावर काढलेलं चित्र, आणि ताण्याच्या दोऱ्यांमधून ते खालून दिसत होतं. आडवा दोरा म्हणजे बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगाची छोटी कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, वेगळी. बैलाच्या शिंगाचा रंग शिंगापुरताच भरायचा, कडेला आला की मागे वळवायचा, मग शेजारचा रंग. एका ओळीत मी चौदा कांड्या मोजल्या. ओळ भरली की फणी ओढून ठोकायची. दिवसभर बसलं तर चार बोटं काम पुढे सरकतं म्हणाले. डोळ्याच्या बाहुलीसाठी त्यांनी तीन करडे दोरे एकमेकांशेजारी लावून बघितले, दोन परत काढले, आणि तिसरा ठेवताना मला म्हणाले, "हा मेला तर बैल आंधळा दिसतो."

म्हणून उलटी बाजू बघा. हाताने भरलेल्या कामात रंग आपापल्या जागी वळलेले दिसतात, मागे दोऱ्यांची टोकं असतात. जेकार्डवर, म्हणजे ठरलेली नक्षी यंत्रानेच उचलणाऱ्या मागावर, विणलेल्या कामात नको तो रंग मागून लांबच लांब तरंगत जातो किंवा दुसऱ्या थरात दडतो, आणि तेच चित्र तंतोतंत तसंच पुन्हा पुन्हा निघतं. जेकार्ड वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. आपली सोलापुरी चादर जेकार्डचीच, दोन्ही बाजूंनी वापरता येते, भौगोलिक मानांकनही आहे तिला. फक्त हातकामाचे पैसे देताना हातकाम मिळावं. साड्या-कापड घेताना २००६ पासूनचं हँडलूम मार्कचं चिन्ह बघायचं, पण अशा एकेकट्या कामासाठी विणकराच्या घरी जाणं सगळ्यात चांगलं.

घासाघीस करू नका, एवढीच विनंती. तीन आठवडे बसून केलेल्या कामाला लोक छापील पोस्टरच्या भावात मागतात. त्यांचा मुलगा मागावर बसत नाही, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. माझ्या वडिलांनीही माग सोडून नोकरीच धरली होती.

गिरणीपोर

आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये, कापड गिरणीत, होते, १८७७ सालच्या. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी रिकाम्या लाकडी कांड्या घरी आणल्या होत्या, पंधरा-वीस. आईने त्या एका सागवानी पट्टीवर ओळीने बसवून कपडे अडकवायच्या खुंट्या केल्या. तीस वर्षं शाळेची दप्तरं त्यावरच लटकली. पॉलिश कधी केलं नाही, हातांनीच झालंय. ताई, धोट्याचं काय करणार?

पूर्वभागकर

गिरणीपोर, खुंट्यांचा फोटो टाका ना, नक्की. धोट्यांना मी अजून हात लावलेला नाही. गंजलेल्या टोकाला तारेचा काथ्या लावायचा मोह झाला होता, पण मामा म्हणाले, त्याचे लोखंडी कण लाकडात अडकतात आणि ओल लागली की काळे ठिपके पडतात. रॉकेलच्या फडक्याने गंज पुसणार, बस.

मुरारजीकन्या

थोडं विषयांतर. वडिलांची वेताची आरामखुर्ची मध्ये खचली आहे, तुटलेली नाही. नवीन विणून घेऊ का?

चपडीवाला

लगेच नको. खुर्ची उलटी करा, वेताच्या खालच्या, बिनचमकीच्या बाजूला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा, लाकडाला ओल लागू न देता. मग सावलीत वाळवा, दोन दिवस कुणी बसायचं नाही. वेत वाळताना ओढून घेतो. एखाद-दुसरी काडी तुटली असेल तर तेवढीच बदलता येते. मधोमध भोकच पडलं असेल तर मग विणकामवाल्याला गाठा.

मुरारजीकन्या

केलं. जवळजवळ बोटभर वर आली. बाबा आज संध्याकाळी त्यावर बसून रेडिओ ऐकतायत.

पूर्वभागकर

सगळ्यांसाठी पुढची हकिगत.

वडील परवा आले. दार खिडकीपाशी उजेडात धरलं आणि त्यांना वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पहिली ओळ मनात वाचली, मग मोठ्याने. एरुपु. पसुपु. नीलम्. आकुपच्च. लाल, पिवळा, निळा, हिरवा. पुढे लड्यांचे आकडे, कुठल्या रंगाचं किती सूत उरलंय. शेवटच्या ओळीत 'बाकी' आणि एक रक्कम, ती कुणाची ते आता कुणालाच सांगता येणार नाही. खालच्या रेघा विणून उतरलेल्या लुगड्यांच्या. वडील म्हणाले, एक लुगडं उतरलं की ताता कानावरची पेन्सिल काढून रेघ मारायचे आणि मगच पाणी प्यायचे. वडिलांनी सगळ्या रेघा मोजल्या. एकशे त्रेपन्न. शेवटचा गठ्ठा तीन रेघांचा आहे.

मग त्यांनी धोटा हातात घेतला, धड असलेला. बाजूच्या भोकाला ओठ लावून हवा आत ओढून दाखवली. नवीन कांडी भरली की सूत असं तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढायचे. भोकाभोवतीचं लाकूड काळपट का आहे ते मला तेव्हा कळलं. मी तो भाग पुसणार होते.

लिखाणाचं चपडीवालादादांना निरोपातून विचारलं होतं. ते म्हणाले, पेन्सिल स्पिरिटने विरघळत नाही, पण गोळ्याच्या घासण्याने फिसकटते. आत ऊन-पाणी लागत नाही तर काहीच लावू नका. म्हणून दाराची ती बाजू कोरडीच ठेवली. बाहेरून लाखेचे नऊ हात झाले आहेत. सागवान आता पिकल्या चिकूच्या सालीच्या रंगाचं दिसतं. खळग्यात पॉलिश साचू दिलं नाही, बोटानेच पुसून घेतलं.

बैलजोडीचं चित्र आम्हीच घेतलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं त्या भिंतीवर लावलं असतं तर दोन उन्हाळ्यांत रंग उडाले असते, म्हणून आतल्या भिंतीवर, कपाटाच्या डावीकडे. खिळे न ठोकता मागच्या बाजूला वरच्या काठाशी कापडी नेफा शिवला आणि त्यातून लाकडी काठी ओवली, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. काठी मामांनी दिली. विणकर आजोबा स्वतः बघायला आले होते. चित्राकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. कपाटाचं दार उघडून रेघा बघत बसले आणि वडिलांशी तेलुगूत कुणाकुणाचे माग कुठे होते ते बोलत राहिले, अव्वाने दोनदा चहा केला.

डाव्या दाराची खालची बिजागरी अजून किंचित घासते. रविवारी मामा येणार आहेत. वडिलांनी मात्र कुणाला न विचारता वरच्या फळीवर त्यांची औषधं आणि चष्म्याचं घर ठेवून दिलं आहे.

गिरणीपोर

फोटो टाकलेत खुंट्यांचे. आईने प्रत्येक कांडीखाली आम्हा भावंडांची नावं खिळ्याने कोरली होती, ते मी विसरलोच होतो. तुमच्या धाग्यामुळे जवळ जाऊन बघितलं.

नवीपेठ

ताई, टेबलाच्या खालच्या बाजूला आज टॉर्च मारून बघितलं. सुताराच्या पटाशीच्या खुणा तिथे अजून आहेत, चारही पायांना. एक, दोन, तीन, चार रेघा. आईला दाखवल्या.

चपडी कुठे मागायची, कुणी सांगेल का? देव्हाऱ्याला लावायची आहे.

चपडीवाला

जुन्या रंगाच्या दुकानात 'पॉलिशची चपडी' म्हणून मागा. पातळ, कडक, उजेडात मधासारखी दिसणारी घ्या. मुठीत दाबली आणि गोळा झाली तर जुनी आहे, परत करा.